हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर ओढत नाही, तेव्हा दोष कुठे शोधावा?

लहान ट्रॅक्टर चढावर अडतो, रोटाव्हेटर जमिनीत उतरवताच मंदावतो किंवा भरलेली ट्रॉली ओढताना जागीच थांबतो, तेव्हा मालकाच्या तोंडी एकच वाक्य येते : ट्रॅक्टर ओढत नाही. वाक्य एक असले, तरी त्यामागची कारणे अनेक असतात. डिझेल फिल्टरमध्ये साचलेला गाळ, हवेच्या फिल्टरवर बसलेली लाल धूळ, अर्धवट सुटलेला पार्किंग ब्रेक, कमी झालेले हायड्रॉलिक तेल आणि झिजलेला पंप या साऱ्यांचे बाह्य लक्षण सारखेच दिसते. गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये संशय आधी इंजिनावर किंवा क्लचवर जातो. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनच्या ट्रॅक्टरमध्ये मात्र ‘पंप गेला’ असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो आणि यंत्रातील सर्वांत महाग भाग सर्वांत आधी उघडला जातो.

वास्तविक तपासाचा क्रम याच्या उलट हवा. दोष इंजिनात आहे, ट्रान्समिशनमध्ये आहे की दोन्हींच्या बाहेर आहे, हे पाना हातात घेण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरवता येते. त्यासाठी एका प्रश्नाचे उत्तर नीट पाहावे लागते : ट्रॅक्टर अडतो त्या क्षणी इंजिनाचे फेरे उतरतात की नाही?

यंत्रणा कशी चालते?

हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत तेलाच्या दाबातून पोहोचते. इंजिन एक पंप फिरवते. त्या पंपात लहान लहान पिस्टन वर्तुळाकार बसवलेले असतात आणि ते स्वॉश प्लेट नावाच्या तिरप्या तबकडीवर टेकलेले असतात. तबकडी सरळ असेल, तर पिस्टन पुढेमागे होत नाहीत आणि तेल ढकलले जात नाही. ही यंत्राची स्थिर अवस्था. पायाने पेडल दाबले की तबकडी कलते, पिस्टन तेल ढकलू लागतात आणि ते तेल दुसऱ्या बाजूच्या मोटरला फिरवते. मोटर पुढे गिअर व ॲक्सलमार्फत चाके फिरवते. तबकडी विरुद्ध दिशेने कलली की ट्रॅक्टर मागे जातो. क्लच दाबणे नाही, गिअर बदलणे नाही; वेग आणि दिशा या दोन्ही गोष्टी पेडलच्या आधीन असतात.

पंप आणि मोटर यांच्यामधील तेल बंद चक्रात फिरते. पिस्टन आणि त्याचे घर यांतील फट अतिशय बारीक असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो; ही फट त्याच्या तुलनेत कितीतरी लहान असते. तरीही उच्च दाबाखाली थोडे तेल तिच्यातून झिरपतेच. ही तूट भरून काढण्यासाठी चार्ज पंप नावाचा एक छोटा पंप टाकीतील तेल फिल्टरमधून ओढून कमी दाबाने चक्रात सोडत राहतो. दाब मर्यादेबाहेर गेला, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून यंत्रणेचे रक्षण करतो. चार्ज पंपाचा पुरवठा तुटला की मुख्य पंप धडधाकट असूनही निर्बळ होतो, ही गोष्ट निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

हे तंत्र नवे नाही. अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६७ मध्येच ६५६ या मॉडेलचा हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर बाजारात आणला होता. आज अमेरिका व जपानमध्ये लहान ट्रॅक्टरांत ही यंत्रणा सर्रास आढळते. भारतात बहुतांश ट्रॅक्टर गिअरचेच आहेत. परंतु भातकापणीच्या हंगामात शेतात उतरणारी अनेक कम्बाइन हार्वेस्टर, भाताची रोपे लावणारी काही यंत्रे आणि हिरवळ कापणारी बसायची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे गोव्यातील खाजन शेतीत, वायंगणाच्या भातशेतीत किंवा बागायतीत अशा यंत्रांवर काम करणाऱ्यांनाही निदानाची ही पद्धत उपयोगी पडते.

पेडल जास्त म्हणजे ताकद जास्त नव्हे

तपासणीआधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोटारीत चढ आला की ॲक्सिलरेटर दाबायचा, ही सवय पायाला जडलेली असते. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरचे पेडल मात्र इंजिनाला जास्त डिझेल देत नाही. ते पंपाचे प्रमाण वाढवते, म्हणजे व्यवहारात उंच गिअर टाकल्यासारखे असते. चढावर ट्रॅक्टर मंदावला म्हणून चालक पेडल आणखी दाबतो आणि इंजिनावरचा भार वाढवून ते अधिकच दाबून टाकतो.

हिशेब साधा आहे. तेलाच्या प्रवाहातून मिळणारी शक्ती ही दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराइतकी असते. चढ चढण्यासाठी २०० बार दाब लागत असेल आणि पंप मिनिटाला ४० लिटर तेल ढकलत असेल, तर सुमारे १३.३ किलोवॅट, म्हणजे १८ अश्वशक्ती खर्च होते. पेडल सोडून प्रवाह २० लिटरवर आणला, तर तोच चढ त्याच दाबाने, परंतु ९ अश्वशक्तीत चढता येतो. फक्त वेग निम्मा होतो. म्हणून भार आल्यावर पाय थोडा वर घ्यावा, इंजिनाला फेरे सावरू द्यावेत, हा या ट्रॅक्टरचा पहिला नियम आहे. पेडल सैल करताच इंजिन उठते आणि ट्रॅक्टर संथपणे चढ पार करतो, असे असेल तर बहुतेक वेळा यंत्रात बिघाड नसतो, चालवण्याची पद्धत चुकलेली असते.

याच्याच जोडीला आणखी दोन चुका आढळतात. एक म्हणजे जड कामासाठी हाय रेंज वापरणे. हाय रेंजमध्ये चाकांना मिळणारा पीळ कमी असतो. भार वाढला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, यंत्रातून चिरका आवाज येतो आणि ट्रॅक्टर थांबतो. ते रिलीफ व्हॉल्व्हचे कामच आहे. दुसरी चूक म्हणजे डिझेल वाचवण्यासाठी इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवणे. मुख्य पंप आणि चार्ज पंप दोन्ही इंजिनावरच फिरतात. फेरे कमी असले की तेलही कमी आणि इंजिनाची ताकदही कमी. जड काम करताना हँड थ्रॉटल पीटीओसाठी नेमून दिलेल्या फेऱ्यांच्या आसपास असावा.

हायड्रोस्टॅटिक यंत्रणेत शक्तीचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो आणि तो गिअरच्या ट्रान्समिशनपेक्षा जास्त असतो, हेही ध्यानात ठेवावे. शेजारचा तेवढ्याच अश्वशक्तीचा गिअरचा ट्रॅक्टर नांगर जरा जोमाने ओढत असेल, तर तेवढ्यावरून आपल्या ट्रॅक्टरला दोष देता येत नाही. तुलना करायचीच तर ती त्याच ट्रॅक्टरच्या मागील वर्षीच्या कामाशी करावी.

निर्णायक चाचणी

चाचणीसाठी सपाट, टणक आणि मोकळी जागा निवडावी. आजूबाजूला माणसे नसावीत. ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटे चालवून इंजिन आणि तेल गरम होऊ द्यावे. मग लो रेंज घ्यावी, थ्रॉटल कामाच्या फेऱ्यांवर ठेवावा आणि जमिनीत घातलेले अवजार किंवा भरलेली ट्रॉली ओढत पेडल हळूहळू दाबावे. ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडावी; वर जोडल्यास ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाऊन तो मागे उलटू शकतो. नजर फेरे दाखवणाऱ्या मीटरवर आणि कान इंजिनाकडे असावेत. ट्रॅक्टर जागीच अडला, तर दोन-तीन सेकंदांत पेडल सोडावे. अडलेल्या अवस्थेत तेल झपाट्याने तापते.

या चाचणीत तीनपैकी एक गोष्ट घडते.

पहिली : चाके जागेवर फिरतात, ट्रॅक्टर पुढे सरकत नाही. याचा अर्थ इंजिन आणि ट्रान्समिशन चाकांपर्यंत ताकद पोहोचवत आहेत. पकड कमी पडते आहे. दोष टायर, वजन किंवा जमीन यांच्याशी संबंधित आहे.

दुसरी : इंजिनाचे फेरे उतरत जातात, आवाज जड होतो, इंजिन दबते किंवा बंद पडते. पाय वर घेऊनही ते लवकर सावरत नाही. अशा वेळी ट्रान्समिशन भार घेत आहे, पण इंजिन तो पेलत नाही. तपास इंजिनाचा करावा. कुठेतरी ब्रेक घासत नाही ना, हेही पाहावे.

तिसरी : इंजिन खंबीरपणे फिरत राहते, फेरे जवळजवळ तेवढेच राहतात, तरीही चाके मंदावतात किंवा थांबतात. इंजिनाकडे ताकद आहे, परंतु ती वाटेत हरवते आहे. आता संशय हायड्रोस्टॅटिक यंत्रणेवर घ्यावा.

‘सुरुवातीला बरा चालतो, अर्ध्या तासाने दम सोडतो’ ही तक्रार दोन्ही बाजूंना लागू पडते. डिझेलचा पुरवठा तुटला तरी असेच होते आणि गरम झालेले तेल पंपात झिरपू लागले तरी असेच होते. फरक पुन्हा फेऱ्यांत दिसतो. फेरे उतरून दम सुटला, तर डिझेलकडे पाहावे. फेरे कायम राहून दम सुटला, तर ट्रान्समिशनच्या तेलाकडे.

शंका उरली, तर पीटीओची मदत घ्यावी. पीटीओला शक्ती इंजिनाकडून यांत्रिक मार्गाने मिळते. मुख्य हायड्रोस्टॅटिक पंप व मोटर त्या वाटेत नसतात. ट्रॅक्टर उभा ठेवून पीटीओवर पाण्याचा पंप किंवा मळणी यंत्र चालवावे. तिथेही इंजिन दबत असेल, तर दोष इंजिनाचा. ते काम इंजिन सहज पेलत असेल आणि चाकांवरच दम सुटत असेल, तर इंजिनाला दोषमुक्त करायला हरकत नाही.

इंजिन दबत असेल तर

सर्वप्रथम भार नसताना इंजिनाचे कमाल फेरे मोजावेत आणि माहितीपुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावेत. ते कमी भरले, तर थ्रॉटलची तार ताणली गेली आहे का, लीव्हर शेवटपर्यंत पोहोचतो का, हे पाहावे. सैल झालेल्या एका तारेमुळे ट्रॅक्टर महिनोन्महिने अर्ध्या ताकदीने चालू शकतो.

त्यानंतर डिझेल. किनारपट्टीच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली, तर आतील भिंतींवर ओलावा साचून डिझेलमध्ये पाणी उतरते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळपट चिकट गाळ तयार होतो आणि तोच फिल्टर तुंबवतो. फिल्टरच्या पारदर्शक वाटीत पाणी किंवा गाळ दिसतो का, हे पाहावे. फिल्टर बदलावा आणि लाइनमधील एअर काढावी. टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी असलेले छिद्र बुजले, तर टाकीत निर्वात तयार होऊन डिझेल ओढले जात नाही. दम सुटल्यावर झाकण थोडे सैल करताच ट्रॅक्टर सावरला, तर दोष सापडला. थोडा वेळ थांबल्यावर इंजिन पुन्हा नीट चालत असेल, तर टाकीच्या तळातील कचरा वाहत येऊन नळीचे तोंड बंद करतो, असा संशय घ्यावा. जुन्या रबरी नळ्यांना बारीक चीर गेली असेल, तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते.

तिसरी पायरी हवेची. जांभ्याची बारीक लाल धूळ हवेच्या फिल्टरला फार लवकर जड करते. काजूच्या डोंगरउतारावर किंवा कच्च्या रस्त्यावर काम झाल्यानंतर फिल्टर नेहमीच्या मुदतीआधीच पाहणे इष्ट ठरते. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा आणि गवतही इंजिन तापवून ताकद खाते.

धुराचा रंग या टप्प्यावर बरेच सांगून जातो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी : हवेचा फिल्टर, बिघडलेले नोझल किंवा निव्वळ जास्त भार. गरम इंजिनातून सतत पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी शिरते आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. आणि धूर जवळजवळ नाहीच, तरीही इंजिन दबते, असे असेल तर डिझेल पुरेसे पोहोचतच नाही. अशा वेळी पुन्हा फिल्टर, नळ्या आणि फीड पंप यांच्याकडे वळावे. हे सारे ठीक असल्यावरच टॅपेटची फट, नोझलचा दाब, इंजेक्शन पंपाची वेळ आणि कॉम्प्रेशन यांची तपासणी जाणकार मिस्त्रीकडून करून घ्यावी.

इंजिन खंबीर, चाके निर्बळ

येथेही स्वस्तापासून महागाकडे जावे.

पेडल आणि जोडण्या : पेडलखाली चिखल, खडा किंवा गोणपाट अडकले, तर ते पूर्ण दाबले जात नाही. पेडलपासून तबकडीपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या पिना आणि सांधे झिजले, तर पेडल पूर्ण दाबूनही तबकडी अर्धवटच कलते. इंजिन बंद ठेवून दुसऱ्या माणसाने पेडल दाबावे आणि खालचा दांडा किती हलतो, हे पाहावे. या दोषात वेग कमी पडतो, परंतु संथ वेगात ओढण्याची ताकद शाबूत असते, हे त्याचे ओळखचिन्ह. नव्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या यंत्रांत पेडलचा सेन्सर बिघडल्यासही असे घडते. तेथे डॅशबोर्डवरील दोषसंकेत वाचावा.

बायपास व्हॉल्व्ह आणि पट्टा : बंद पडलेले यंत्र ढकलण्यासाठी काही मॉडेलांत बायपास व्हॉल्व्ह असतो. तो अर्धवट उघडा राहिला, तर तेल मोटरला न फिरवता मागच्या मागे परतते. यंत्र नुकतेच ओढून आणले असेल, तर सर्वप्रथम हेच पाहावे. हिरवळ कापणाऱ्या लहान यंत्रांत इंजिनापासून पंपाकडे पट्टा जातो. तो घसरला तरी लक्षणे तीच दिसतात.

तेल : ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी आहे. चिखलातून आलेला ट्रॅक्टर जोरदार फवाऱ्याने धुताना श्वासनळीतून किंवा लीव्हरच्या फाटलेल्या रबरातून पाणी शिरते. फेस दिसला, तर ओढनळीतून हवा शिरते आहे. टाकीत कोणते तेल भरले होते, हेही विचारावे. उत्पादकाने सांगितलेल्या ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेलाऐवजी हाताशी असलेले दुसरे तेल ओतले गेले असेल, तर त्याचा दाटपणा वेगळा असल्यामुळे यंत्र गरम होताच निर्बळ होऊ शकते.

फिल्टर : तुंबलेला फिल्टर हे या तक्रारीमागचे एक नेहमीचे आणि सहज दूर होणारे कारण आहे. नव्या यंत्राचा पहिला फिल्टर बहुधा ५० तासांच्या आसपास बदलायचा असतो; पुढील मुदत मॉडेलप्रमाणे वेगळी असते. ट्रॅक्टर थंड असताना पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि गरम झाल्यावर आवाज कमी होतो, तर दाट तेल तुंबलेल्या फिल्टरमधून पुरेसे ओढले जात नाही, असे समजावे. याउलट थंड असताना ट्रॅक्टर चांगला ओढतो आणि तापल्यावर निर्बळ होतो, तर पातळ झालेले तेल झिजलेल्या फटींतून निसटते आहे, अशी शंका बळावते. तेल थंड करणारा पंखा किंवा कूलर कचऱ्याने भरला, तरी हेच होते.

इतर हायड्रॉलिक कामे : बहुतेक लहान ट्रॅक्टरांत लिफ्ट, पॉवर स्टिअरिंग आणि ट्रान्समिशन एकाच टाकीतील तेल वापरतात. तिन्ही एकदम मंदावले, तर दोष सामाईक जागी, म्हणजे पातळी, ओढगाळणी किंवा आत शिरणारी हवा यांत शोधावा. लिफ्ट आणि स्टिअरिंग उत्तम, फक्त चाके निर्बळ, असे असेल तर ट्रान्समिशनच्या स्वतःच्या फिल्टर, व्हॉल्व्ह व पंपाकडे वळावे.

पुढे आणि मागे : ट्रॅक्टर पुढे जाताना निर्बळ, पण मागे येताना जोरदार असेल, तर पंप आणि मोटर बहुधा शाबूत आहेत, त्या एका दिशेचा रिलीफ किंवा चेक व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडा राहिला आहे किंवा पेडलची जोडणी बिघडली आहे. दोन्ही दिशांना सारखाच निर्बळ असेल, तर चार्ज पंपाचा दाब किंवा सर्वसाधारण झीज यांचा विचार करावा. काही मिनिटांची ही तपासणी पंप उतरवण्याचा मोठा खर्च वाचवू शकते.

तेल बदलताना निचऱ्याच्या चुंबकी बुचाकडे अवश्य पाहावे. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे सामान्य आहे. परंतु तेलात किंवा उघडलेल्या फिल्टरच्या घड्यांत पितळेसारखे चमकणारे कण आणि पापुद्रे दिसले, तर पंपाच्या आतील भाग खरोखरच झिजत आहेत. अशा वेळी यंत्र चालवत राहू नये. तुटलेले कण पुढे मोटरचेही नुकसान करतात.

शेवटचा पुरावा दाबमापकाचा. ट्रान्समिशनवर चार्ज दाब आणि मुख्य दाब मोजण्याच्या जागा दिलेल्या असतात. चार्ज दाब कमी असेल, तर आधी तो दुरुस्त करावा. चार्ज दाब योग्य, पेडल योग्य, फिल्टर नवा आणि तरीही गरम स्थितीत मुख्य दाब पुस्तिकेतील आकड्यापर्यंत चढत नाही, एवढे सिद्ध झाल्यावरच रिलीफ व्हॉल्व्ह व पंप उघडण्याचा निर्णय घ्यावा. तो उघडण्याची जागाही स्वच्छ हवी. धुळीच्या पडवीत उघडलेला पंप दुरुस्त होण्याऐवजी नवा बिघाड घेऊन परतण्याची शक्यता असते.

दोष दोन्हींच्या बाहेर असेल तर

पार्किंग ब्रेक अर्धवट लागलेला असणे किंवा ब्रेकची पट्टी चिकटून राहणे, हे दोष इंजिन आणि ट्रान्समिशन दोन्हींवर आळ आणतात. थोडे अंतर चालवल्यानंतर दोन्ही बाजूंच्या ब्रेकजवळ हात नेऊन उष्णता अजमावावी. एक बाजू जास्त तापली असेल, तर कारण तेथे आहे. सपाट जागी ट्रान्समिशन न्यूट्रलमध्ये घेऊन ट्रॅक्टर हाताने ढकलून पाहिला, तरीही घासणे कळते.

टायरमधील हवा, झिजलेले खोबण, चिखलाने भरलेली चाके आणि अपुरे वजन यांमुळे ताकद असूनही पकड मिळत नाही. खाजनातील चिकट मातीत हे विशेष जाणवते. अवजार ट्रॅक्टरच्या मानाने मोठे आहे का, रोटाव्हेटरची पाती बोथट झाली आहेत का, नांगर नेहमीपेक्षा खोल जातो आहे का, हे प्रश्नही विचारले पाहिजेत.

चढउतारावरचा धोका

निर्बळ हायड्रोस्टॅटिक यंत्रणेचा प्रश्न केवळ कामाच्या खोळंब्याचा नाही. पेडल सोडल्यावर ट्रॅक्टर आवरण्याचे कामही हेच तेल करते. तेलाचा पुरवठा तुटला किंवा पंप झिजला, तर उतारावर ट्रॅक्टर आपोआप घरंगळू लागतो. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांतील उतारावरच्या बागायतीत असा ट्रॅक्टर जीवघेणा ठरू शकतो. उतारावर उभा ट्रॅक्टर पेडल सोडूनही सरकतो, असे दिसले की त्याच दिवशी त्याचे चढउताराचे काम थांबवावे. उतारावर रेंजचा लीव्हर कधीही न्यूट्रलमध्ये घेऊ नये. चाके ट्रान्समिशनपासून सुटतात आणि आवरायला फक्त ब्रेक उरतो.

दुसरा धोका उच्च दाबाच्या तेलाचा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, वेदनाही सुरुवातीला कमी असते. परंतु आतील मांस नासून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळती हाताने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून ती शोधावी. अशी इजा झाल्यास वाट न पाहता बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि तेल दाबाने आत शिरले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

मिस्त्रीला काय सांगावे?

‘ट्रॅक्टर ओढत नाही’ एवढेच सांगितल्यास मिस्त्रीलाही अंदाजानेच सुरुवात करावी लागते. त्याऐवजी सात गोष्टी लिहून न्याव्यात : अडताना फेरे उतरतात की कायम राहतात, दोष थंड असताना दिसतो की गरम झाल्यावर, पुढे, मागे की दोन्हीकडे, कोणत्या रेंजमध्ये, लिफ्ट आणि स्टिअरिंग कसे चालते, धुराचा रंग कोणता, आणि तेल व फिल्टर शेवटचे किती तासांवर, कोणत्या प्रतीचे बदलले. दोष अचानक आला की हळूहळू वाढला, याचीही नोंद असावी. अचानक आलेला दोष बहुधा तुटलेली जोडणी, उघडा व्हॉल्व्ह किंवा डिझेलची अडचण दाखवतो. महिनोन्महिने वाढत गेलेला दोष तुंबणे किंवा झीज दाखवतो.

सरदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी टाकी भरून ठेवणे, दोन्ही प्रकारचे फिल्टर पाहणे, तेलाचा रंग तपासणे आणि भार नसतानाचे कमाल फेरे वहीत टिपून ठेवणे एवढे केले, तर पुढच्या वेळी तुलना करायला आधार मिळतो. यंत्र धडधाकट असताना घेतलेली ही नोंद ते आजारी पडल्यावर सर्वांत जास्त उपयोगी पडते. पंप उघडण्याचा सल्ला मिळाल्यास मालकाने आधी दोन प्रश्न विचारावेत : चार्ज दाब मोजला का आणि तो किती भरला? या प्रश्नांचे उत्तर आकड्यात मिळेपर्यंत पंप जागेवरच राहू द्यावा.